तुटलेलं बोट जोडताना: मायक्रोसर्जरीत नव्याने येणाऱ्यांसाठी

मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या शिवण्याच्या या शाखेत येऊ पाहणारे रेसिडेंट डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात, "हात थरथरला तर?" थरथरतो. सगळ्यांचाच. मनगट आणि कोपर नीट टेकवा, खुर्चीची उंची मनासारखी लावून घ्या. बाकीचं सरावाने येतं. आधी हातमोज्याच्या रबरावर टाके घाला, मग कोंबडीच्या मांडीतल्या धमनीवर. बोटातली धमनी जेमतेम १ मिलिमीटरची आणि टाक्यांचा १०-० नंबरचा धागा केसाहून बारीक. पुढची कड शिवताना मागची कड सुईत आली, तर रक्तवाहिनी तिथेच बंद. म्हणून आतली पोकळी दिसल्याशिवाय सुई पुढे ढकलू नका.

टाका शिकवणारे पुष्कळ भेटतात. जोडायचं की नाही, हे ठरवायला मात्र फार उशिरा येतं. १९६५ मध्ये जपानच्या नारा प्रांतात कोमात्सु आणि तामाई या सर्जननी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला, तेव्हा 'जमेल का' हाच प्रश्न होता. आता विचारायचं ते 'जोडलेलं बोट वापरलं जाईल का' हे. अंगठा असेल, एकापेक्षा जास्त बोटं असतील, अख्खा पंजा असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर शक्यतो प्रयत्न करायचाच. पण एकटी तर्जनी बुंध्याजवळ तुटलेली असेल, तर जोडल्यावर ती अनेकदा ताठ राहते आणि माणूस तिला वगळून मधल्या बोटाने कामं उरकू लागतो. चिरडलेलं किंवा ओढून उपटलेलं बोट बाहेरून बरं दिसतं, पण आतल्या रक्तवाहिन्या लांबवर फाटलेल्या असतात. नातेवाईक तुटलेल्या बोटाची पिशवी पुढे करून आशेने बघत असताना 'नाही' म्हणणं रात्रभराच्या ऑपरेशनपेक्षा जड जातं. तरी म्हणावं लागतं.

पिशवीवरून आठवलं. फोन आला की पहिली सूचना ही द्या: बोट सलाईनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून कोरड्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बर्फ थेट लागला तर पेशी गोठून मरतात. नीट थंड ठेवलेलं बोट २४ तासांपर्यंतही जोडता येतं. पंजाच्या वर तुटलं असेल तर स्नायू जास्त, म्हणून थंड न केल्यास ६ तासच धरून चाला.

रुग्णाला भूल मिळेपर्यंत तुटलेला भाग बाजूच्या टेबलावर घेऊन धमन्या, शिरा, नर्व्ह (मज्जातंतू) शोधून खुणा करून ठेवा. पुढे हाड थोडं आखूड करून ते धरून ठेवायला के-वायर (धातूची बारीक तार), मग टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), मग धमनी, नर्व्ह आणि शिरा. जमलं तर एका धमनीमागे दोन शिरा.

खरी ड्युटी त्यानंतर सुरू होते. बोट पांढरं, गार पडलं तर धमनीकडे बघा. जांभळं, तट्ट फुगलेलं आणि दाबून सोडल्यावर झटकन रंग भरणारं असेल, तर शीर तुंबली आहे. दोन्हींत आधी ड्रेसिंग सैल करा. वाळलेल्या रक्ताने ते पट्ट्यासारखं आवळतं. शीर तुंबलेली असेल आणि पुन्हा जोडण्यासारखी नसेल, तर जळवा लावतात, सोबत एरोमोनासवर (जळवांच्या पोटातल्या जिवाणूवर) चालणारं अँटिबायोटिक देऊनच. खोली उबदार हवी आणि सिगारेट पूर्ण बंद.

नर्व्ह दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. महिनोन्‌महिने फिजिओथेरपी, थंडीत दुखणारं बोट, कदाचित चिकटलेला टेंडन सोडवायला आणखी एक ऑपरेशन, हे सगळं संमतीपत्रावर सही घेण्याआधीच रुग्णाला सांगा.