आधी विचारा, कुठलं सिरोटोनिन?

माझं गाव रावेर तालुक्यातलं, घरची केळीबाग. जळगावला बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करताना सेमिनारला 'लठ्ठपणा, मधुमेह आणि सिरोटोनिन' (पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते एक रसायन) हा विषय घेतला आणि ऐटीत ठोकून दिलं, "केळ्यात सिरोटोनिन असतं, ते भूक आवरतं, म्हणजे केळं खाल्लं की वजन आटोक्यात." सरांनी एवढंच विचारलं, "कुठलं सिरोटोनिन?" मी गप्प.

केळ्यात ते असतं, हे खरं. लघवीतल्या ५-एचआयएए (सिरोटोनिन मोडून बनणारा पदार्थ) तपासणीआधी केळी बंद करायला सांगतात ते त्यामुळेच. पण खाल्लेलं सिरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सिरोटोनिन आतड्यात टीपीएच-१ या एन्झाइमच्या मदतीने बनतं. मेंदू आपलं वेगळं बनवतो, टीपीएच-२ वापरून. मेंदूतलं भूक कमी करतं. मेंदूबाहेरचं मात्र तपकिरी चरबीचं, म्हणजे ऊर्जा जाळून अंग गरम ठेवणाऱ्या चरबीचं, उष्णता निर्माण करणं दाबतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात टीपीएच-१ नसलेले उंदीर तुपकट खाऊनही फारसे सुटले नाहीत, त्यांची साखरही बरी राहिली. लगेच बाहेरच्याला खलनायक ठरवू नका हं! गाभण उंदरिणीच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी स्वतःच सिरोटोनिन बनवतात आणि त्याच्याच जोरावर वाढतात.

नोट्स काढताना रिसेप्टरचा, म्हणजे पेशीवर सिरोटोनिन जिथे जोडलं जातं त्या जागेचा, आकडा गाळू नका. मी गाळला होता, सगळं पुन्हा लिहावं लागलं. फेनफ्लुरामाइन या वजन घटवायच्या औषधाने भूक कमी व्हायची, पण २-बी रिसेप्टरमुळे हृदयाच्या झडपा बिघडल्या आणि १९९७ मध्ये ते मागे घेतलं गेलं. मग फक्त २-सी वर नेम धरून लोर्कासेरिन आलं, २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूरही झालं. २०२० मध्ये कर्करोगाच्या धोक्यापायी तेही गेलं.

प्रोजेक्टला रक्तातलं सिरोटोनिन मोजणार असाल तर नळी आधी ठरवा. मी पंधरा दिवस लाल झाकणाच्या नळीत नमुने घेतले. रक्त गोठताना प्लेटलेट्समधला (रक्त गोठवणाऱ्या कणांतला) सिरोटोनिनचा साठा बाहेर पडतो, त्यामुळे सीरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या द्रवात, आकडे भलतेच फुगलेले. मला हवा होता प्लेटलेट्स नीट काढून टाकलेला प्लाझ्मा, म्हणजे गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव. सगळे नमुने वाया, आणि वर एप्रिलचं जळगावी ऊन!

मामांना मधुमेह आहे. गावी गेलो की विचारतात, "काय भाचेबुवा, तुमच्या सिरोटोनिनवालं केळं मला चालेल का?"

"मामा, सिरोटोनिन राहू द्या, त्यातली साखर मोजा."

मग ते अर्धं खातात आणि उरलेलं माझ्या हातावर ठेवतात.