खेड्यातल्या घरात मोठा ॲम्प लावताना: आधी अर्थिंग, मंग हवा, केबल सगळ्यात शेवटी

भाऊ, चांगला ॲम्प (ॲम्प्लिफायर, गाण्याचा सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारा डबा) घेतला की जो तो आधी केबलचं विचारतो, कोणती घेऊ, किती जाड घेऊ. आपल्याकडे केबलचा नंबर फार मागे येतो. आधी घराबाहेर अर्थिंगचा खड्डा करा आणि मंग आत या.

आमचं घर जुनं आहे, मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, मागच्या खोलीवर टिनं. ॲम्प लावला, गाणं सुरू झालं, संध्याकाळी आवाज कमी करायला नॉबला हात लावला तर बोटात झिणझिण्या. सॉकेट उघडून पाहिलं तर तिसऱ्या पिनला बाहेरून वायर आलेलीच नव्हती, आतल्या आत न्यूट्रलचा तुकडा जोडून दिलेला होता. हे खेड्यात पुष्कळ घरी सापडतं आणि हे जीवघेणं आहे, कारण डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) घरापर्यंत कुठेही न्यूट्रल तुटला की ॲम्पच्या बॉडीवर सरळ करंट येतो. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने बघून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यायला पाहिजेत, न्यूट्रल-अर्थमधे एक-दोन व्होल्ट चालतात, आणि घरात लोड चालू असतानाही तिथे शून्यच्या शून्यच दाखवत असेल तर बोर्ड उघडाच.

खड्डा आठ-दहा फूट खोल, जीआय पाइप किंवा तांब्याची प्लेट, भोवती कोळसा-मीठ, हे सगळ्या वायरमन लोकांना माहीत असतं. त्यांना सांगावं लागतं ते जागेचं. आपली काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जातो, मंग पाइपला धरलेली माती सुटते आणि पावसाळ्यात मस्त असलेली अर्थिंग मे महिन्यात नावालाच उरते. म्हणून खड्डा न्हाणीच्या नालीजवळ घ्या, तिथली माती बारा महिने ओली राहते. नाहीतर मार्चपासून आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता, आणि ते खरंच ओता, मी एक वर्ष विसरलो आणि स्पीकरमधे घूं सुरू झाली.

मेन बोर्डापासून ऐकायच्या खोलीपर्यंत वेगळी लाइन ओढा, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट. एमसीबी सी-कर्व्हचा (क्षणभराचा जास्त करंट सोसणारा) घ्या, कारण मोठ्या टोरॉइडल (गोल कड्यासारख्या) ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प चालू करताना क्षणभर खूप करंट ओढतो आणि साधा एमसीबी पडतो. कूलर, फ्रीज, मोटार यातलं काहीच त्या लाइनवर नको.

व्होल्टेजचं तर विचारूच नका. हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस असले की आमच्याकडे संध्याकाळी १७०-१८० आणि रात्री मोटारी बंद झाल्या की २५० च्या वर. २३० ला बनवलेल्या ॲम्पला १७५ वर जोर राहत नाही, आणि २५० वर ट्यूबवाल्या (काचेच्या व्हॉल्व्हच्या) ॲम्पचं फिलामेंट आणि सगळे कपॅसिटर जास्त ताण सोसतात. सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या, टकटक करणारा रिलेवाला नको, तो प्रत्येक टकला झटका देतो. साइझ ॲम्पच्या वॅटच्या दुप्पट-तिप्पट धरा आणि तो दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण तो स्वतःच गुणगुणतो. लाइन गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकायचं असेल तर प्युअर साइन वेव्हच लागतो, स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर असा कुरकुरतो की ऐकवत नाही.

आता ठेवायचं कुठे. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. मातीच्या भिंतीत सागवानाचं फडताळ होतं, इतकं सुंदर की वाटलं ॲम्प त्यासाठीच बनला, दार लावलं की धूळ नाही, पाल नाही. एप्रिलची दुपार, अर्ध्या तासात आवाज बंद, थर्मल प्रोटेक्शन पडलं (जास्त तापला की ॲम्प आपोआप बंद होतो ते), हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांना, बोट टेकवेना. क्लास एवाला ॲम्प, म्हणजे ज्यातून सतत पूर्ण करंट वाहत राहतो तो, गाणं वाजो न वाजो सारखाच तापतो, आणि बऱ्याच मॅन्युअलमधे खोलीचं तापमान ३५ किंवा ४० डिग्रीपर्यंतच दिलेलं असतं. आपल्याकडे बाहेर ४५. दर १० डिग्री वाढली की इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यामुळे टिनाच्या खोलीत ॲम्प नकोच, कवेलूची किंवा स्लॅबची, उत्तरेकडची खोली बघा. वर आणि बाजूंनी वीतभर जागा मोकळी, एकावर एक डबे रचायचे नाहीत. मे महिन्यात मी क्लास ए दुपारी लावतच नाही, पहाटे पाचला लावतो, तेव्हा कूलरही बंद असतो.

कूलरवरून सांगतो, त्याचा झोत ॲम्पवर कधीच नको. हवा थंड लागते पण ती दमट असते आणि टर्मिनल हिरवे पडतात.

खाली काय ठेवायचं? सारवलेल्या जमिनीवर सरळ ठेवू नका, ओल वर चढते. मी चार विटा, त्यावर कडप्प्याची लादी, त्यावर सागवानाचे तीन ठोकळे असं केलंय, दोन्ही स्पीकरच्या मधे, भिंतीपासून फूटभर पुढे. ४० किलोचा ॲम्प एकट्याने उचलायचा नाही आणि आधी लादी लेव्हलमधे करून घ्यायची. दोन्ही बाजूंना २.५ स्क्वेअर एमएमची स्पीकर वायर सारख्या लांबीची घेतली, यापेक्षा जास्त खर्च मी केबलवर केला नाही. टर्नटेबल असेल तर ॲम्पपासून दोन-तीन फूट लांब ठेवा, कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) सिग्नल काही मिलिव्होल्टच असतो आणि जवळच्या ट्रान्सफॉर्मरची घूं त्यात लगेच घुसते.

कापसाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका वर्षी भाव नव्हता म्हणून वेचलेला कापूस ऐकायच्या खोलीतच अर्ध्या भिंतीपर्यंत भरला होता. त्या खोलीत तबल्याचा डग्गा जसा ऐकू आला तसा मी आजपर्यंत कुठे ऐकला नाही, घुमणं नाही, प्रत्येक घिस्सा वेगळा. पण हीटसिंकच्या पात्यांत इतकी रुई अडकली होती की ब्रशने काढता काढता अर्धा दिवस गेला, आणि ट्यूबच्या काचेजवळ मोकळी रुई म्हणजे आगच. तेव्हा सागवानाच्या चौकटीत घट्ट शिवलेल्या रुईच्या गाद्या भिंतीला लावा, मोकळा कापूस खोलीत नको.

घूं येत असेल तर आधी कान बॉडीला लावा. बॉडीतूनच येत असेल तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोय, लाइनचा दोष शोधा. स्पीकरमधून येत असेल तर ॲम्प बंद करून सगळ्या इनपुट केबल काढा आणि पुन्हा चालू करा. घूं गेली तर एकेक केबल लावत जा, बहुतेक वेळा डिशच्या केबलवर गाडी थांबते. काहीही झालं तरी घूं घालवायला अर्थिंगची पिन काढायची नाही.

चालू करताना आधी प्लेअर, मंग प्रीॲम्प (आवाज कमी-जास्त करणारा डबा), शेवटी पॉवर ॲम्प (स्पीकरला जोर देणारा), बंद करताना बरोबर उलटं. ट्यूब ॲम्प असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय तो चालूच करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. स्पीकर वायरचं लाल-काळं दोन्हीकडे सारखं आहे ना ते मोनो (दोन्ही स्पीकरला एकच आवाज) लावून बघा, गाणारा मधोमध उभा असल्यासारखा वाटला पाहिजे.

आणि मृगाच्या आधीचे ढग गरजायला लागले की स्विच बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढायचा आणि डिशची केबलही मागून काढायची. शेतात असलो तर फोन करून घरच्यांना सांगतो, आता आईलाच सवय झाली आहे, आभाळ भरून आलं की ती आधी वाळवण उचलते आणि मंग दोन्ही काढून ठेवते.