बाथरूमच्या टाईल्स: आधी जमीन ठरवा, भिंत मागून

टाईल्स बघायला जाताना पिशवीत पाण्याची बाटली आणि एक जुनं फडकं असू द्या. जमिनीसाठी आवडलेली टाईल दुकानात खाली ठेवायला सांगा, तिच्यावर पाणी ओता, चप्पल काढा आणि सोबतच्या माणसाचा हात धरून तिच्यावर उभ्या राहा. मग शाम्पूचे दोन थेंब टाकून तळपाय हळूच पुढेमागे सरकवून बघा. पाय सुटतोय असं वाटलं तर ती टाईल कितीही देखणी असो, बाजूला ठेवा.

मी पुण्यात जुन्या सोसायट्यांमधली बाथरूम नव्यानं करून देते. घरोघरी दिसतं ते असं की आधी भिंतीचं डिझाइन ठरतं, मग हायलायटरवरून, म्हणजे मध्येच उठून दिसणाऱ्या नक्षीच्या टाईलवरून, चर्चा रंगते, आणि जमिनीची टाईल शेवटी ‘याला मॅचिंग दाखवा’ म्हणून पाच मिनिटांत उचलली जाते. माझा आग्रह असतो की जमिनीपासून सुरुवात करा. घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर फारच. ओल्या फरशीवर पडून खुब्याचं हाड मोडलं की त्या माणसाचं पुढचं हिंडणंफिरणंच बदलून जातं. हे मी कामाच्या घरांमध्ये पाहिलंय, म्हणून इतकं कळकळीनं सांगते.

नुसतं ‘मॅट आहे’ यावर थांबू नका. काही मॅट टाईल्स दिसायला निस्तेज असतात, पण पाणी पडलं की चांगल्याच घसरतात. कॅटलॉगमध्ये आर९ ते आर१३ असा घसरणीचा दर्जा दिलेला असतो, तो विचारा. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. घरच्या बाथरूमला किमान आर१० आणि ज्येष्ठांसाठी आर११ घ्या. त्याच्या वरचे दर्जे कारखाने आणि मोठ्या भटारखान्यांसाठी असतात. त्या खरखरीत पृष्ठभागात साबणाचा मळ बसतो आणि घासून घासून हात दुखतात. आर दर्जाची चाचणी तेल सोडलेल्या उतारावर बूट घालून चालून घेतलेली असते. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी चढत्या पकडीची वेगळी वर्गवारी आहे. ती दिलेली असेल तर शॉवरखाली बी किंवा सी बघा. दिलेली नसेल तर तुमची पाण्याची बाटली आहेच.

जमिनीला मोठी टाईल घ्यायचा मोह आवरा. बाथरूममध्ये पाणी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीतल्या निचऱ्याच्या जाळीकडे, जायला दर फुटाला साधारण ३ ते ४ मिमी उतार लागतो, आणि तो चारही बाजूंनी द्यावा लागतो. दोन बाय दोन फुटांची टाईल वाकत नाही. मग मिस्त्री एक तर ती तिरकी कापतो, नाहीतर उतारच कमी करतो आणि कोपऱ्यात कायमचं पाणी साचतं. एक बाय एकची टाईल उतार नीट घेते, शिवाय सांधे जास्त असल्यानं पायाला पकड मिळते. मोठीच हवी असेल तर भिंतीलगत लांब जाळीचा ड्रेन घ्या, म्हणजे उतार एकाच बाजूला देता येतो.

आता प्रकार. टाईल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब सोडा. भिंतीची सिरॅमिक टाईल तो पटकन पिऊन टाकते. विट्रिफाइड, म्हणजे जास्त घट्ट भाजलेल्या टाईलवर थेंब तसाच राहतो, कारण ती वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी शोषते. भिंतीला सिरॅमिक पुरेशी आहे. हलकी असते आणि नळासाठी, हुकांसाठी भोकं पाडायला सोपी जाते. जमिनीला मात्र भिंतीची टाईल कधीच नको. भिंतीलाही विट्रिफाइड लावणार असाल तर टाईल अ‍ॅढेसिव्हचा, म्हणजे टाईल चिकटवायच्या खास मिश्रणाचा, खर्च धरूनच चाला. ती पाणी शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटची पकड तिला पुरत नाही आणि पुढे टाईल सुटते. लावून झाल्यावर प्रत्येक टाईल नाण्यानं वाजवा. पोकळ आवाज आला तर मिस्त्री तिथं असतानाच काढून परत लावून घ्या.

रंग ठरवताना तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं याचा विचार करा. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर काळ्या, गडद निळ्या ग्लॉसी टाईलवर आठवडाभरात क्षारांचे पांढरे ओघळ दिसू लागतात. मग लोक अ‍ॅसिड ओततात आणि अ‍ॅसिड सिमेंटचे सांधे खातं. मधल्या छटेची राखाडी किंवा मातकट टाईल असं पाणी पुष्कळ सांभाळून घेते. जमिनीचे सांधे सिमेंटऐवजी एपॉक्सीनं, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या राळेच्या मिश्रणानं भरा आणि त्याचा रंगही पांढरा नको, राखाडीच बरा.

माप घरून काढून न्या. समजा बाथरूम ५ बाय ७ फूट आहे आणि टाईल ७ फुटांपर्यंत घ्यायची आहे. चारही भिंतींची लांबी २४ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट. दार वजा करून साधारण १५०, आणि तुटफुटीचे दहा टक्के धरून १६५. ३०० बाय ६०० मिमीची टाईल आडवी लावलीत तर ७ थर सांध्यांसकट २११२ मिमी भरतात, म्हणजे जवळजवळ बरोबर ७ फूट. उभी लावलीत तर ३ टाईलनंतर फूटभराचा तुकडा उरतो. दुकानात बसूनच हे मांडून बघा, नासधूस बरीच वाचते.

माल घरी आला की आधी सगळ्या बॉक्सवरचे शेड आणि बॅच नंबर जुळवा. दोन टाईल्स तोंडाला तोंड लावून धरा. मध्ये फट दिसली तर टाईल वाकलेली आहे, ती बदलून मागा. एकदा लावली की कुणी परत घेत नाही.

जुन्या टाईलवरच नवीन लावून पैसे वाचतील, असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. खालचं वॉटरप्रूफिंग जुनंच राहतं आणि जमीन वर आल्यानं पाणी उंबरा ओलांडू शकतं. फोडून, वॉटरप्रूफिंग करून, ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या मजल्यावरच्यांना छत दाखवायला सांगा. ते कोरडं असेल तरच टाईलचं काम सुरू करा.

आपल्याकडच्या दुकानांतला बराचसा माल गुजरातेतल्या मोरबीहून येतो आणि डिझाइनं झपाट्यानं बदलतात. दोन वर्षांनी पाइप गळला आणि चार टाईल्स फोडाव्या लागल्या तर तीच टाईल बाजारात मिळेल, ही आशा धरू नका. भिंतीचा एक आणि जमिनीचा एक बॉक्स माळ्यावर ठेवा आणि बॉक्सवरच्या लेबलचा फोटो बिलासोबत जपा.