पाऊस परतला: आता टाचेला तेल, पण बोटांच्या बेचक्यात नको

ठाण्यातल्या नौपाड्यात मी ३१ वर्षं टपाल वाटलं. विष्णुनगर, राम मारुती रोड, गोखले रोडच्या आतल्या गल्ल्या आणि तेव्हाच्या बिनलिफ्टच्या तीनमजली इमारती. बीट, म्हणजे टपाल वाटायचा नेमून दिलेला भाग, पायीच करायची. त्यामुळे पायाकडे बघायची सवय लागली ती लागलीच. निवृत्तीनंतरही सोसायटीत कुणाची टाच फुटली, कुणाला चिखल्या झाल्या की ते आधी माझ्याकडे येतात. आणि सगळ्यात जास्त येतात ते घटस्थापना ते दिवाळी या दिवसांत.

याचं कारण आहे. मुंबई-ठाण्यातून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरतात. पण पाय काही तारखेला बदलत नाहीत. दोन-तीन आठवडे एकाच पायात दोन ऋतू असतात. बोटांच्या बेचक्यात श्रावण-भाद्रपदाची ओल अजून मुरलेली असते आणि टाच मात्र ऑक्टोबरच्या उन्हानं तडकायला लागलेली असते. आपण सगळ्या पायाला एकच उपाय करतो, तिथे चुकतं. कुणी रात्री पाऊलभर तेल चोपडतो, मग चिखल्या वाढतात. कुणी पावसाळ्यासारखी पावडर मारत राहतो, मग टाच आणखी खोल फुटते. म्हणून या दिवसांत पाऊल मनात दोन भागांत वाटून घ्या: बेचकी कोरडी, टाच ओलसर.

आधी बेचकी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ताणून बघा. कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी झाली असेल, सोलत असेल, खाज आणि वास येत असेल तर त्या चिखल्या. ती फट सगळ्यात चिंचोळी, तिथे वारा पोचत नाही, म्हणून बहुतेकदा तिथूनच सुरुवात होते. आंघोळीनंतर आपण पाय पुसतो म्हणजे पायपुसण्यावर दोनदा आपटतो. तसं नको. जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा मऊ तुकडा घ्या आणि एकेका बेचक्यातून ओढून काढा. तो तुकडा फक्त तुमचा, घरातल्या दुसऱ्या कुणी वापरायचा नाही, आणि रोज धुऊन उन्हात टाकायचा. मोजे चढवायच्या आधी पाच मिनिटं पंख्याखाली बसा. नोकरीत असताना ही पाच मिनिटं मी चहाला जोडून ठेवली होती, म्हणून कधी चुकली नाहीत.

खाज असेल तर क्लोट्रिमाझोल १ टक्का मलम दिवसातून दोनदा, पातळ थर. आता नीट ऐका: खाज थांबली म्हणून मलम थांबवू नका. कातडी चांगली दिसायला लागल्यावरही आणखी दोन आठवडे लावा. बुरशी दिसेनाशी होते, पण लगेच मरत नाही. दर वर्षी "परत आल्या" म्हणून जे सांगत येतात, त्यातल्या बहुतेकांनी आठवड्यात मलम सोडलेलं असतं.

आणि औषधाच्या दुकानात "खाजेचं काहीतरी द्या" असं म्हणू नका. मी म्हटलं होतं. मिळालेल्या ट्यूबनं दोन दिवसांत लाली गेली, मी खूश. महिन्याभरात पावलाच्या वरच्या बाजूला गजकर्णासारखे चट्टे उठले. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब मागून घेतली आणि सांगितलं, यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडनं खाज आणि लाली दबते, पण आत बुरशीला मोकळं रान मिळतं. बरं व्हायला तीन महिने गेले. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एकही नाव दिसलं तर डॉक्टरांनी दिल्याशिवाय लावू नका.

पायांबरोबर चपला-बुटांचंही बघायला हवं. चार महिने भिजलेल्या बुटात तोच पाय घातला तर मलमाचा काय उपयोग? पावसाळी सँडल साबण आणि ब्रशनं घासून, उन्हात खडखडीत वाळवून मगच माळ्यावर टाका. कापडी बुटांना ऊन द्या, आतलं तळ काढून वेगळं वाळवा. चामड्याचे बूट मात्र कडक उन्हात ठेवू नका, चामडं ताठर होऊन चिरतं. त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाऱ्याला सावलीत ठेवा, संध्याकाळी बोळे बदला. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. घामानं ओला झालेला बूट एका रात्रीत आतून वाळत नाही.

परतीचा पाऊस मध्येच झोडपतो, वंदना टॉकीजपाशी पाणी तुंबतं, आणि त्यातून चालावंच लागतं. पायाला भेग किंवा जखम असेल तर घरी पोचल्याबरोबर साबणानं पाय धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की साचलेल्या पाण्यातून चाललो होतो. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो आणि त्यात वेळ घालवून चालत नाही.

आता टाच. तळपायाच्या कातडीत तेल सोडणाऱ्या ग्रंथीच नसतात, फक्त घामाच्या असतात. पावसाळाभर हवेतली ओल तिला मऊ ठेवते. ओल गेली की जाड कातडी आखडते, आणि मागून उघड्या चपलेत वजनानं टाच बाजूंना पसरते, तेव्हा काठावर चीर पडते. ती भरायची तर पहिले पंधरा दिवस एक रात्र चुकवू नका.

झोपायच्या आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवा. अर्धा तास नको, जास्त भिजवलं की कातडी उलट आणखी कोरडी पडते. मग वज्रीनं किंवा घासायच्या दगडानं हलक्या हातानं घासा, तेही आठवड्यातून दोनदाच. ब्लेडनं कातडी तासू नका. पुसा, बेचकी कोरडी करा, आणि टाच किंचित दमट असतानाच तिच्यावर तेल.

तेल कोणतं? मी कुडाळकडचा, त्यामुळे माझं उत्तर एकच, कोकमाचं. कोकमाच्या बियांचं तेल काढून मुठीत वळलेला फिकट गोळा असतो, ठाण्यात कोकणी मालाच्या दुकानात मिळतो. सुरीनं त्याचे चार पातळ काप काढा, लोखंडी पळीत मंद आचेवर वितळवा, बोटाला सोसेल इतकं निवू द्या आणि कापसानं भेगेत भरा. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपासच पातळ होतं, म्हणजे आपल्या ऑक्टोबरात ते लावल्या लावल्या चादरीवर उतरतं. कोकमाचं तेल मात्र थंड झालं की भेगेतच मेणासारखं थिजतं आणि तिथे राहतं. वरून जुने सुती मोजे घाला. हे सगळं पलंगावर बसूनच करा. तेलकट पायांनी लादीवर उतरलात तर घसराल, वयस्कर माणसांनी तर फार जपायला हवं.

कोकमाचं तेल मिळालं नाही तर साधी पेट्रोलियम जेली घ्या. औषधाच्या दुकानात युरियाचं क्रीम मिळतं. रोजच्या कोरडेपणाला १० टक्के पुरतं, घट्ट जाड टाचेला २० ते २५ टक्के लागतं. मात्र उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेत युरिया झोंबतो, ती आधी जेलीनं बुजू द्या. नखं सरळ रेषेत कापा, कोपरे खोलवर कोरू नका, नखुरडं तिथूनच होतं. दिवाळीसाठी चपला घ्यायच्या असतील तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप कळतं.

यापुढचं मला सांगायलाच हवं. माझी आई नवरात्रात नऊ दिवस अनवाणी असायची. टेंभी नाक्याच्या देवीला रोज घरून चालत जायची. तिला बारा वर्षांचा मधुमेह होता. त्या वर्षी नवरात्र ऑक्टोबरात आलं, दुपारी डांबर तव्यासारखं तापायचं. तिला चटका जाणवलाच नाही, कारण मधुमेहानं पायाची संवेदना आधीच गेली होती आणि हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी चादरीवर डाग दिसला. तळव्याला फोड येऊन फुटला होता आणि आत पू झाला होता. उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. मी रोज हजार दारांपर्यंत चालत जात होतो आणि घरातल्या आईचा तळवा एकदाही उलटून बघितला नव्हता.

म्हणून घरात कुणाला मधुमेह असेल तर वरचे काही नियम बदलतात. पाय भिजवत ठेवायचे नाहीत, फक्त धुवायचे. पाण्याचा गरमपणा पायानं नाही, कोपरानं बघायचा. वज्री नको, आणि कुरूप काढायच्या औषधी पट्ट्याही नकोत, त्यातलं आम्ल चांगली कातडी जाळतं. घरातसुद्धा चप्पल हवी. रोज रात्री तळवे उजेडात बघायचे, वाकता येत नसेल तर खाली आरसा धरायचा, नाहीतर मुलासुनेनं बघायचे. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, खडा राहिला तरी पायाला कळत नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून नायलॉनच्या बारीक दोऱ्यानं संवेदना तपासून घ्यायची, दोन-चार मिनिटांचं काम आहे. जखम दिसली की त्याच दिवशी दाखवायची. आणि नवरात्रात देवीला दुसरं काही वाहा: एखादं धान्य सोडा, रोज पाठ म्हणा. मांडवाच्या दारापर्यंत चप्पल घालून जाणाऱ्या भक्ताला देवी परत पाठवत नाही, हे मी आईलाही पुढे सांगितलं आणि तिनं ते मानलं.

माझ्या बायकोला मधुमेह नाही, पण तिची टाच दर वर्षी फुटते. दसऱ्याच्या रात्री आम्ही पहिली पळी तापवतो. कोजागिरीपर्यंत दुखायचं थांबतं. नरक चतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी कारीट, म्हणजे छोटं कडू रानफळ, पायानं फोडतो, त्याचा कडू रस टाचेच्या भेगेत गेला तर डोळ्यात पाणी येतं. गेल्या वर्षी तिनं कारीट फोडलं, क्षणभर थांबून टाचेकडे बघितलं आणि सरळ आंघोळीला गेली.