सायकल पडली आणि वरून काहीच दिसत नाहीये? फ्रेम तपासताना या चुका टाळा

मागच्या जुलैत पुण्याजवळचा बोपदेव घाट उतरताना एका वळणावर माझी सायकल उजव्या अंगाला घसरली. स्पीड काही फार नव्हता, वीसच्या आसपास असेल, पण रस्त्यावर चिखल होता आणि त्यावर कुणाच्या तरी गाडीचं सांडलेलं ऑइल. कोपर सोलवटलं, हँडलची टेप फाटली, बाकी वरवर काहीच नाही. उचलली, चाक फिरवून बघितलं, फिरतंय, ब्रेक लागतोय, बसलो आणि घरी आलो. पुढचे दोन आठवडे त्याच सायकलने ऑफिसला जात होतो आणि मग एका रविवारी त्याच घाटात चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला तर मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, आत ओढला जाऊन सरळ स्पोकमध्ये घुसला. चार स्पोक गेले, डिरेलर गेला, तो ज्या पट्टीवर लटकतो तो हँगर तुटून पडला. तो हँगर पडलो त्या दिवशीच वाकलेला होता, आणि ते बघायला पाच मिनिटं पुरली असती.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, "चालतेय ना" म्हणून निघणं. सायकल चालते म्हणजे फक्त चाकं फिरतायत, फ्रेमला काय झालंय ते त्यातून अजिबात कळत नाही. सायकलच्या आधी स्वतःला बघा, पडल्यावर पहिली काही मिनिटं दुखणं जाणवतच नाही, मनगट आणि डोकं नीट तपासा. आणि हेल्मेट आपटलं असेल तर ते बदला, वरून तडा दिसो न दिसो, कारण आतलं थर्माकोल एकदा दबलं की दुसऱ्या वेळी मार झेलत नाही.

दुसरी गोष्ट मला जरा सविस्तर सांगायचीय. आपल्याकडचे सायकलवाले आणि आपण सगळेच लोखंडी सायकलींवर शिकलोय. बावीस इंची काळी सायकल, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) वाकला की मिस्त्री सायकल आडवी पाडायचा, पाय रोवून पाइप घालून एक ओढा द्यायचा, डोळा लावून बघायचा आणि चिमटा सरळ. जॉइंट सुटला तर गॅसवर पितळ भरून द्यायचा आणि ती सायकल पुढे वीस वर्षं चालायची. हे सगळं बरोबरच होतं, कारण स्टील वाकतं आणि परत येतं, तुटायच्या आधी सूचना देतं. पण आज दुकानात मिळणाऱ्या गिअरच्या सायकली बऱ्याचशा ॲल्युमिनियमच्या असतात आणि तोच पाय, तोच पाइप आपण त्यांनाही लावतो. म्हणून फ्रेमला हात लावायच्या आधी फ्रिजवरचं चुंबक आणा आणि नळीला लावून बघा. चिकटलं तर स्टील. नाही चिकटलं आणि जोडांवर वेल्डिंगच्या जाड वळ्या दिसतायत तर बहुतेक ॲल्युमिनियम, जोडच दिसत नसतील आणि नखाने टिचकी मारल्यावर प्लास्टिकसारखा आवाज येत असेल तर कार्बन. यानंतरचं सगळं या एका उत्तरावर आहे.

माझा भाचा सोसायटीच्या गेटबाहेर उभ्या रिक्षावर समोरून धडकला. ॲल्युमिनियमची सायकल, पुढचं चाक आउट झालेलं, बहिणीने फोन करून सांगितलं की फ्रेमला काही नाही, वरून सगळं बघितलंय. मी गेलो, सायकल उलटी केली, ओल्या फडक्याने खालची नळी (हँडलकडून पायडलकडे उतरणारी) पुसली आणि हँडलच्या नळीपासून मागे असं बोट फिरवत आलो. वेल्डिंगच्या मागे तीन-चार बोटांवर, नळीच्या खालच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा बोटाला लागला. डोळ्यांना आधी दिसलाच नव्हता, मग मोबाइलचा टॉर्च आडवा धरला तेव्हा पूर्ण सुरकुती दिसली आणि तिच्यावर पेंटला केसासारख्या तीन रेषा. समोरून धडकल्यावर सगळा जोर चिमट्यातून वर चढतो आणि खालची नळी याच जागी दाबली जाते, वरच्या आडव्या दांडीला पण तिथेच खाली बघायचं. लोक वरून बघतात, म्हणून हे सुटतं.

बहीण म्हणाली, "दादा, एवढ्याशासाठी नवी फ्रेम? वेल्डिंगवाला आर्गनने करून देतो म्हणतोय." आर्गनने वेल्डिंग होतं, जोड दिसायलाही छान दिसतो, प्रश्न तो नाहीये. ६०६१ सारख्या ॲल्युमिनियमची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते, कारखान्यात वेल्डिंग झाल्यावर अख्खी फ्रेम भट्टीत घालून ती ताकद परत आणतात. गल्लीतल्या वेल्डिंगनंतर भट्टी नाही, म्हणजे जोडाच्या आजूबाजूचा धातू मूळ ताकदीच्या निम्म्याच्या आसपास राहतो आणि सुरकुती पडलेली जागा तर आधीच थकलेली असते. ॲल्युमिनियमची फ्रेम वाकली किंवा तिला सुरकुती पडली तर ती सरळ करू नका, वेल्ड करू नका, बदला. सोळा वर्षांचा मुलगा उतारावर असताना हँडल हातात आणि चाक वेगळं, हे मला नको होतं, म्हणून बहिणीशी थोडं वाजलं तरी मी ऐकलं नाही.

प्रत्येक रेष म्हणजे तडा, असंही नाही हां. पेंट वेगळा फुटतो, धातू वेगळा. स्पिरिटने जागा पुसा, कापसाचा बोळा त्यावरून फिरवा, तंतू अडकले तर संशय घ्या. तरी कळत नसेल तर रेषेच्या दोन्ही टोकांना बारीक खूण करा आणि सपाट रस्त्यावर हळू चालवून पन्नास किलोमीटरनंतर परत बघा, रेष खुणेच्या पुढे गेली असेल तर विषय संपला. मात्र रेष हँडलच्या नळीजवळ किंवा चिमट्यावर असेल तर ही चालवून बघायची पद्धत वापरू नका. एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्यांकडे डाय पेनेट्रंटचे स्प्रे असतात, लाल रंग मारून पुसायचा आणि पांढरी पावडर मारायची, तडा असेल तर लाल रेष वर येते. तिथला पेंट आधी काढावा लागतो एवढंच.

आता हँगर. सायकल उजवीकडे पडली की डिरेलर आपटतो आणि तो ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती आत वाकते. ती मुद्दाम नरम ठेवलेली असते, फ्रेम वाचावी म्हणून. मागून बघा, डिरेलरच्या दोन्ही चकत्या आणि चेन एका उभ्या रेषेत आहेत का. चूक ही होते की गिअर खडखडायला लागला की लोक केबल आणि स्क्रू फिरवत बसतात, त्याने खडखड थोडी कमी होते आणि वाकलेला हँगर तसाच राहतो. दुकानात मापायचं गेज असतं. नसेल तर एक जुगाड आहे, क्विक रिलीजवाल्या (हाताच्या खटक्याने निघणाऱ्या) मागच्या चाकाचा एक्सल, म्हणजे मधला दांडा, आणि हँगरचं भोक, दोन्हीचे आटे बहुतेक १० मिमीचे आणि एकसारखे असतात, डिरेलर काढून त्या भोकात तसल्याच दुसऱ्या मागच्या चाकाचा एक्सल हाताने फिरवत बसवायचा आणि दोन्ही चाकं समांतर दिसतात का ते बघायचं. आटे हाताने सहज बसत नसतील तर जोर करू नका. थोडासा वाक त्याच चाकाने हळूच काढता येतो, एकदाच. जास्त वाकलाय तर नवीन घ्या, आणि आपल्या फ्रेमचा हँगर कुठला ते बघून एक जास्तीचा बॅगेत ठेवा कारण त्याचे शेकडो प्रकार आहेत. सायकलचे पार्ट बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये सगळ्यांसाठी एकच असा यूडीएच हँगर आणला, पण जुन्या सायकलींना त्याचा उपयोग नाही.

उलटी चूक पण होते, फ्रेम चांगली असताना वाकली म्हणून घाबरणं. मागचं चाक एका बाजूला जास्त जवळ दिसतंय? आधी सायकल जमिनीवर उभी ठेवून चाक सैल करून परत नीट बसवा. तरी तसंच असेल आणि सायकल रिम ब्रेकची (ब्रेक चाकाच्या कडेला लागतो अशी) असेल तर चाक उलटं करून घाला. जवळची बाजू बदलली तर चाकात दोष आहे, आउट काढून होईल. त्याच बाजूला राहिली तर फ्रेम वाकलीय. मग दोरा घ्या, मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा एक्सल बसतो ती फ्रेमची खाच) हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. एक-दोन मिमी फरक चालतो, तीनच्या वर गेला तर बघायला हवं. काही फ्रेम मुळातच मागे एका बाजूला सरकवून बनवलेल्या असतात, ते आधी बघून घ्या. स्टीलची असेल तर जाणकार माणूस हा फरक काढू शकतो. आणि दोऱ्यावरून चिमट्याचं काहीच कळत नाही हे लक्षात असू द्या.

चिमट्यासाठी पुढचं चाक उचलून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. एका ठिकाणी अडकतंय आणि बाकी मोकळं फिरतंय तर आतला स्टीअरर (चिमट्याची वर हँडलपर्यंत जाणारी नळी) वाकलाय किंवा त्याच्या बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडलेत. पायडल मारताना चप्पल पुढच्या चाकाला लागायला लागली, जी आधी लागत नव्हती, तर चिमटा मागे गेलाय. चिमट्याच्या बाबतीत मी तरी ॲल्युमिनियम असो की कार्बन, कसलीच तडजोड करत नाही. ॲल्युमिनियमचं हँडलही वाकवून सरळ करू नका, ते तुटताना आवाज देत नाही.

कार्बनवाल्यांनी रुपयाच्या नाण्याने हलकेच टकटक करत पूर्ण नळी ऐका आणि दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी आवाज जुळवा. टणक आवाजाच्या मध्येच कुठे बद्द आवाज आला किंवा अंगठ्याने दाबल्यावर जागा नरम लागली तर आतले थर सुटलेत. कार्बन दुरुस्त होतो, खराब भाग घासून नवे थर चढवतात आणि ते चांगलं काम असतं, पण ज्याने ते आधी केलंय त्याच्याकडूनच. स्टिकर लावून झाकून वापरू नका.

गाडीवाल्याने धडक दिली असेल तर रस्त्यातच "काही नाही झालं" म्हणून पाचशे रुपयांवर मिटवू नका. खालची नळी आणि चिमटा बघेपर्यंत नंबर आणि फोटो घेऊन ठेवा.

भाच्याची फ्रेम मी सगळे पार्ट काढून घेतल्यावर दांडी आणि खालची नळी दोन्ही करवतीने कापून मगच भंगारात दिली. भंगारवाला म्हणाला, अख्खी असती तर जास्त दिले असते. अख्खी फ्रेम तिथून कुणीतरी उचलतो, पुट्टी भरून रंग मारतो आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी पोराच्या खाली जाते.