मुंबईत पहिली नोकरी आणि समोर लिनक्स: एंटर दाबण्याआधी यादी वाचा

गावाकडून येऊन मुंबईत पहिली नोकरी धरलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. मी लातूरहून आलो त्याला बारा वर्षं झाली. खोली, डिपॉझिट, मेस, लोकलचा पास याबद्दल कुणीतरी गाववाला सांगतोच. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, हा रस्ताही दोन दिवसांत पाठ होतो. पण कॉलेजची सगळी वर्षं विंडोजवर गेलेली असतात आणि इथे पहिल्याच सकाळी उबुंटूचं (हा लिनक्सचाच एक प्रकार) टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून बसायला लागतं. त्याचं कुणी सांगत नाही.

कमांड देवनागरीत देतोय. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.

उबुंटूत सॉफ्टवेअर बसवायचं-काढायचं काम 'ॲप्ट' करतं, आणि त्याच्या आधीचं 'सुडो' म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने. बसवायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात. 'सुडो ॲप्ट अपडेट' या नावाने बरेच जण फसतात. तिने एकही सॉफ्टवेअर नवं होत नाही, फक्त कुठलं पॅकेज कोणत्या आवृत्तीत मिळतंय त्याची यादी ताजी होते. नवं करते ती 'सुडो ॲप्ट अपग्रेड'. आणि हवं ते बसवायला 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल', पुढे पॅकेजचं नाव. वेबसाइट शोधून सेटअप फाइल उतरवायची सवय मात्र सोडा. ॲप्ट रिपॉझिटरीतून, म्हणजे पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारातून, पॅकेज आणतं, डिजिटल सही तपासतं आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजंही सोबत घेऊन येतं. किती एमबी उतरणार तेही आधी सांगतं. खोलीवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर तो आकडा बघूनच पुढे जा.

काढताना जास्त जपायचं. 'रिमूव्ह'ने प्रोग्राम जातो, पण इटीसी फोल्डरमधल्या त्याच्या सेटिंगच्या फाइली राहतात. 'पर्ज'ने त्याही जातात. तुमच्या होम फोल्डरमधलं दोन्हींनी काही जात नाही. सोबत आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजं 'ऑटोरिमूव्ह' काढतं.

माझ्या पहिल्या नोकरीत, दुसऱ्याच आठवड्यात, मला पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची वेगळी आवृत्ती हवी होती. जुनी काढून टाकू म्हणून मी 'सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथॉन३' दिलं. स्क्रीनवर नावांची लांबलचक यादी आली, वर मोठ्या अक्षरात 'रिमूव्हड'. खाली 'पुढे जायचं का' हा प्रश्न, पुढे कंसात मोठा वाय आणि लहान एन. मोठं अक्षर म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी 'हो'. मी दाबलं. उबुंटूची कितीतरी अंगं पायथॉनवर उभी आहेत. मशीन परत चालू केलं तर डेस्कटॉपच नाही. हात गार पडले होते. शेजारच्या सिनिअर ताईंनी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून साधी लॉगिन स्क्रीन आणली आणि व्हार, लॉग, ॲप्ट या फोल्डरांतली हिस्टरी डॉट लॉग ही फाइल उघडली. काय काय काढलं त्याचं एकेक नाव तारीखवेळेसकट तिथे होतं. तेवढं सगळं त्यांनी परत बसवून दिलं. ती फाइल कुठे असते ते आजच बघून ठेवा.

एका वेळी एकानेच बसवाबसवी करावी म्हणून ॲप्ट लॉक लावतं. कधी 'लॉक मिळत नाही' असा एरर येईल. बहुतेक वेळा मागे आपोआप अपडेट चाललेलं असतं. थांबा. लॉकची फाइल डिलीट करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, अर्धवट बसलेलं पॅकेज निस्तरायला पूर्ण दुपार जाते.

रेड हॅट किंवा फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारांच्या सर्व्हरवर ॲप्टच्या जागी 'डीएनएफ' लागतं. इन्स्टॉल आणि रिमूव्ह हे शब्द तेच.

सरावाला 'एसएल' नावाचं चिमुकलं पॅकेज घ्या. बसवा आणि 'एसएल' टाइप करा, टर्मिनलमधून वाफेचं इंजिन धडधडत जाईल. कंट्रोल-सीने ते थांबत नाही, पूर्ण जाऊ द्यायचं. मग 'सुडो ॲप्ट रिमूव्ह एसएल' द्या आणि एंटरच्या आधी यादी वाचा. काढायच्या नावांत एकटं 'एसएल' दिसलं की दाबा.