दोन ॲम्पच्या आवाजात खरंच फरक आहे का? घरच्या घरी तपासायची पद्धत

नवा ॲम्प (स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर) घ्यायच्या आधी, किंवा जुना विकायच्या आधी, एक रविवार काढा आणि ही टेस्ट करा. कळकळीने सांगतेय, कारण मी स्वतः दोन वर्षं एका जुन्या क्लास एबी ॲम्पच्या प्रेमात होते, त्याचा आवाज मोकळा, भरलेला वाटायचा आणि शेजारचा छोटा क्लास डी बोर्ड एकदम कोरडा (एबी आणि डी ही ॲम्पच्या सर्किटच्या दोन पद्धतींची नावं), मग एकदा मीटर लावून बघितलं तर मी ज्या जागी दोघांचे नॉब सारखे समजून ठेवायचे तिथे जुना ३.२५ व्होल्ट देत होता आणि बोर्ड २.८३. म्हणजे जुना १.२ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) मोठा वाजत होता. लेव्हल जुळवून, न बघता ऐकलं तेव्हा माझी १६ पैकी ९ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून आली असती तेवढीच. एवढासा फरक कानाला "मोठा आवाज" म्हणून कळतच नाही हो, तो "जास्त स्पष्ट", "जास्त जीव आहे" असा कळतो, सगळी गडबड इथेच होते.

सामान फार नाही. एक मल्टिमीटर, एक आरसीए वाय केबल (एका सिग्नलचे दोन करणारी), एक डीपीडीटी टॉगल स्विच (दोन वायरी एकदम इकडून तिकडे फिरवणारा, १० अँपिअरचा घ्या), थोडी वायर. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. फक्त मीटर घेताना बघा, ते स्वस्तातलं पिवळं मीटर एसीला २०० व्होल्टच्या रेंजपासून सुरू होतं आणि दशांशानंतर एकच आकडा दाखवतं, त्याचा इथे उपयोग नाही. आपल्याला २.८३ आणि २.८६ मधला फरक दिसायला हवा, तेव्हा एसी २० व्होल्टची रेंज असलेलं मीटर हवं.

टेस्ट मोनोमध्ये, एकाच स्पीकरवर करा. वायरिंग निम्मं होतं आणि एकाच स्पीकरकडे लक्ष दिलं की बारीकसारीक फरक उलट जास्त पकडता येतात. फोन किंवा डॅकमधून (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) निघणारा एक चॅनल वाय केबलने दोन्ही ॲम्पना द्या, स्विचच्या मधल्या दोन पिना स्पीकरला, एका बाजूच्या दोन ॲम्प ए ला, दुसऱ्या बाजूच्या दोन ॲम्प बी ला. प्लस आणि मायनस दोन्ही वायरी स्विचमधून गेल्याच पाहिजेत, ग्राउंड कॉमन करून एक वायर वाचवायच्या भानगडीत अजिबात पडू नका, कारण बऱ्याच क्लास डी बोर्डांमध्ये स्पीकरची मायनस तार म्हणजे ग्राउंड नसतं, ती पण चालू आउटपुटच असते आणि दुसऱ्या ॲम्पच्या ग्राउंडला टेकली की बोर्ड गेलाच म्हणून समजा. जोडणी करताना दोन्ही ॲम्प बंद ठेवा. आणि व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) ॲम्प असेल तर तो ह्या स्विचवर लावू नका, स्पीकर दुसरीकडे असताना त्याच्यात सिग्नल जात राहिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता लेव्हल. माझ्या मते अर्धी टेस्ट इथेच होते. बास, ट्रेबल मधोमध, लाउडनेसचं बटण बंद, बास बूस्ट बंद (लाउडनेस चालू राहिल्यामुळे "ह्या ॲम्पला बास जास्त आहे" म्हणणारे मी किती पाहिलेत). फोनवर ४०० हर्ट्झचा टोन लावा, मीटर थेट स्पीकरच्या टर्मिनलवर धरा, ॲम्प ए चा नॉब २.८३ व्होल्टवर आणा, मग स्विच फिरवून बी सुद्धा तिथेच आणा. ०.१ डीबीच्या आत जुळवायचं, म्हणजे तीन शतांश व्होल्टच्या आत. नॉब फार हलका असतो, धीर धरा. मीटर थोडं चुकीचं असलं तरी चालेल, दोन्हीकडे तेच मीटर आणि तोच टोन आहे ना, मग चूक दोन्हीकडे सारखीच. जुळलं की नॉबला टेप लावून टाका आणि पुढे आवाज कमीजास्त करायचा तो फक्त फोनवरून.

मग न बघता ऐकणं. मी मावसभावाला बसवलं होतं. त्याने आधीच १६ वेळा नाणं उडवून कागदावर ए, बी लिहून ठेवलं, माझ्या पाठीमागे बसला आणि एक शब्द बोलायचा नाही असं ठरलं, कारण माणसाच्या "हं, ऐक आता" मधूनही कळतं. स्विचचा खटका पण चुगली करतो, म्हणून ॲम्प बदलायचा असो की नसो, प्रत्येक वेळी गाणं थांबवून दोनतीनदा खटखट करून मगच हव्या बाजूला ठेवायचा. आधी ए आणि बी उघडपणे हवं तितका वेळ ऐका, ओळख करून घ्या, मग तो जे लावेल ते ओळखा आणि तुमचं उत्तर लिहा, निकाल मधे विचारू नका. थकवा आला की चहा घ्या, घाई नाही.

काय ऐकायचं? आवडतं गाणं ठेवाच, पण सोबत पिंक नॉइज (धबधब्यासारखा एकसारखा खळखळाट) ठेवा, ऐकायला कंटाळवाणा पण टोनमधला फरक त्याच्याइतका पटकन काहीच दाखवत नाही. मला तानपुराही उपयोगी पडला, एकसारखा चालतो आणि जवारीमुळे वरच्या स्वरांचं अख्खं जाळं त्यात असतं, ट्रेबल जरा हललं तरी रंग बदलतो.

१६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी, म्हणजे तुम्ही खरंच काहीतरी ऐकताय. १० बरोबर आले तर खूश होऊ नका, नुसत्या अंदाजाने चारपाच वेळांत एकदा एवढे येतातच. आणि नाही ओळखता आलं तर जगात कुणालाच येणार नाही असंही नाही, एवढंच की तुमच्या कानांना, ह्या स्पीकरवर, ह्या लेव्हलला फरक कळला नाही. पण पैसे तुमचेच जाणार आहेत ना, मग तुमचेच कान महत्त्वाचे.

हा वाद जुना आहे. क्वाड ह्या ब्रिटिश ॲम्प कंपनीने १९७८ मध्ये आपलेच तीन ॲम्प, व्हॉल्व्हचा क्वाड टू आणि ट्रान्झिस्टरचे ३०३ आणि ४०५, न बघता ऐकवले आणि ऐकणाऱ्यांना ते वेगळे ओळखता आले नाहीत. १९८५ मध्ये अमेरिकेत बॉब कार्व्हर ह्या ॲम्प बनवणाऱ्याने आपला ट्रान्झिस्टर ॲम्प एका महागड्या व्हॉल्व्ह ॲम्पशी इतका जुळवत नेला की स्टीरिओफाइल मासिकाच्या लोकांनाही दोघांत फरक सांगता येईना. मला ह्यात आवडतं ते असं, की व्हॉल्व्हचा वेगळा आवाज खोटा नव्हता, पण त्याचं कारण मोजता येत होतं आणि म्हणून जुळवताही आलं.

म्हणून १२ किंवा जास्त बरोबर आले तर पुढची पायरी, कारण शोधा. सगळ्यात आधी क्लिपिंग, म्हणजे ॲम्पची ताकद संपून आवाजाचा वरचा भाग कापला जाणं. सरासरी १ वॉटवर ऐकत असाल आणि रेकॉर्डिंगमधले ताशाचे फटके २० डीबी वर जात असतील तर तेवढ्यापुरते १०० वॉट लागतात, २५ वॉटचा ॲम्प तिथे चिरडणारच, आवाज कमी करून परत टेस्ट घ्या. मग ट्वीटरला (वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) कान लावून शांततेतला हिस, म्हणजे बारीक सस्स आवाज, ऐका. मग ५०, १००, १०००, ५०००, १०००० हर्ट्झचे टोन लावून दोन्ही ॲम्पचे व्होल्ट लिहून काढा (वरच्या टोनला फोनवरून आवाज कमी करा, ट्वीटर नाजूक असतो). साध्या क्लास डी बोर्डांमध्ये फिडबॅक (आउटपुट परत आत घेऊन चूक सुधारायची सोय) आउटपुट फिल्टरच्या आधी घेतलेला असतो, त्यामुळे सगळ्यात वरचं ट्रेबल स्पीकरच्या ओहमप्रमाणे वरखाली होतं. बिनफिडबॅकच्या व्हॉल्व्ह ॲम्पच्या आउटपुटचा स्वतःचा रोध २ ओहम असू शकतो, अशा वेळी स्पीकर एका स्वराला ४ ओहम आणि दुसऱ्या स्वराला ३० ओहमचा असेल तर त्या दोन स्वरांत जवळपास ३ डीबीचा फरक पडतो, तो कुणालाही ऐकू येईल. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये हा रोध ०.१ ओहमच्याही खाली असतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.

आणि व्होल्टच्या तक्त्यात काहीच फरक दिसला नाही, तरी १२ किंवा जास्त बरोबर येतच असतील, तर स्विचच्या दोन बाजूंच्या वायरी अदलाबदल करा, लेव्हल परत जुळवा आणि आणखी १६ वेळा ऐका. फरक ॲम्पसोबत सरकला तर तो ॲम्पचा, स्विचच्या त्याच बाजूला राहिला तर तिथलं सोल्डरिंग परत करा.